पूर ओसरला, पण भाजी कुठे मिळते?

अमेरिकेच्या दक्षिण भागात वादळ येऊन गेलं की आपत्ती व्यवस्थापनाचे अधिकारी एक विचित्र चौकशी करतात: वॉफल हाउस उघडं आहे का? वॉफल हाउस ही तिकडची चोवीस तास चालणारी खानावळींची साखळी. क्रेग फ्युगेट फ्लोरिडा राज्याचे आपत्ती व्यवस्थापन प्रमुख होते तेव्हा, २००४ च्या वादळांत, त्यांच्या माणसांनी यावरून एक ठोकताळाच बांधला. सगळे पदार्थ मिळत असतील तर त्या भागाला हिरवा रंग, मोजकेच मिळत असतील तर पिवळा, आणि शटर खाली असेल तर लाल. पुढे फ्युगेट फीमा या केंद्रीय आपत्ती संस्थेचे प्रमुख झाले आणि हा ठोकताळा देशभर माहीत झाला.

ऐकायला गंमत वाटते, पण मागचा हिशेब पक्का आहे. एक ऑम्लेट गिऱ्हाइकापुढे यायचं तर शेगडीला गॅस हवा, नळाला पिण्याजोगं पाणी हवं, अंड्यांची गाडी येईल इतका रस्ता मोकळा हवा, आचाऱ्याचं घर शाबूत हवं, त्याची पोरं दिवसभर सांभाळायला कुणी हवं, आणि शेवटी ऑम्लेटचे पैसे देणारा माणूस गावात हवा. सरकारी अहवालात या सगळ्या गोष्टी निरनिराळ्या खात्यांच्या निरनिराळ्या तक्त्यांत असतात. ताटात त्या एकदम दिसतात.

आपत्ती आणि अन्न म्हटलं की आपल्याला आठवतात ती बिस्किटांची पाकिटं, खिचडीची पातेली, हेलिकॉप्टरमधून टाकलेल्या पिशव्या. ते लागतंच. पण ती सोय काही दिवसांची, फार तर काही आठवड्यांची. त्यानंतर लोकांना रोजची बाजारहाट करायची असते, आणि ती करता येत नाही तोवर माणूस त्या गावात राहतो खरा, पण मुक्कामाला आल्यासारखा. हे नेमकं कसं घडतं, आणि स्थानिक लोकांनी मांडलेले बाजार, परसबागा, खानावळी यांचा शहर पुन्हा उभं राहण्याशी काय संबंध असतो, ते बघायला अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्ससारखं दुसरं शहर नाही.

मुंबईच्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर जेमतेम महिन्याने, २९ ऑगस्टला, कॅटरिना वादळ अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यावर आदळलं. मुंबईचं पाणी काही दिवसांत उतरलं. न्यू ऑर्लिन्सचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथले पूरसंरक्षक बांध आणि कालव्यांच्या भिंती फुटल्या, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि पंपांनी उपसून काढेपर्यंत कित्येक आठवडे पाणी तिथेच राहिलं. या वादळात एकूण हजाराहून अधिक माणसं दगावली. २००० च्या जनगणनेत ४ लाख ८४ हजार वस्तीचं हे शहर २०१० च्या जनगणनेत ३ लाख ४३ हजारांवर आलेलं दिसतं.

गिऱ्हाईक आधी की दुकान आधी?

लोक दोन-तीन दिवसांत परत येऊ अशा हिशेबाने घराबाहेर पडले होते. परतायला महिने लागले. ऑगस्टचा उकाडा, वीज नाही, आणि फ्रीजमध्ये कोळंबी, चिकन, दूध. परतलेल्या माणसाचं पहिलं काम असायचं फ्रीजला चारी बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळून तो न उघडता रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवणं. ज्याने उत्सुकतेपोटी दार उघडलं तो पस्तावला. गल्लीगल्लीत पांढऱ्या फ्रीजच्या रांगा लागल्या आणि लोकांनी त्यांवर रंगाने राजकारण्यांना उद्देशून शेरेही लिहिले.

घरचा फ्रीज गेला म्हणजे रोज ताजं आणून खाणं आलं. पण आणायचं कुठून? किराणा-भाजीचं मोठं दुकान अमेरिकेत फार कमी नफ्यावर चालतं. शंभर डॉलरच्या विक्रीमागे निव्वळ एक ते तीन डॉलर सुटतात. म्हणजे रोज भरपूर गिऱ्हाईक आलं तरच गाडा चालतो. पुरानंतर अशा दुकानाचे मालक काय विचार करतात? वस्तीत निम्मी घरं रिकामी, विम्याचे पैसे अडकलेले, शीतगृहाची यंत्रं नव्याने घ्यायची, कामगार दुसऱ्या राज्यात. थांबू, लोक आले की उघडू. आणि ह्यूस्टनला किंवा अटलांटाला नातेवाइकांकडे राहिलेलं कुटुंब काय म्हणतं? तिथे ना शाळा, ना दवाखाना, ना दुकान. थांबू, दुकानं उघडली की जाऊ. दोघंही शहाणपणानेच वागतात आणि दोघांच्या शहाणपणातून वस्ती ओसाड राहते.

या कोंडीत सरकार सहसा बांध, रस्ते, घरं यांवर पैसा ओतत असतं, आणि ते बरोबरच आहे. कोंडी फुटायला मात्र असा कुणीतरी लागतो जो गिऱ्हाइकांची खात्री नसताना दुकान मांडतो. मोठ्या साखळीला ते परवडत नाही. ज्याचं भांडवलच चार टोपल्या आहे, त्याला परवडतं.

न्यू ऑर्लिन्समध्ये १९९५ पासून क्रेसेंट सिटी फार्मर्स मार्केट नावाचा शेतकरी बाजार भरत होता. वादळानंतर तीन महिन्यांच्या आत, नोव्हेंबर २००५ मध्ये, तो पुन्हा भरू लागला. तेव्हा शहराचे मोठाले भाग अंधारात होते. विकणाऱ्यांपैकी कित्येकांची शेतं, होड्या, जाळी वादळात गेली होती. म्हणजे हा बाजार काही सुखवस्तू शेतकऱ्यांनी पूरग्रस्तांवर केलेला उपकार नव्हता. विकणारा आणि घेणारा, दोघेही बुडालेले. भाजीपेक्षाही लोक तिथे माहिती घेऊन जायचे: कोण परतलं, कुणाच्या गल्लीत वीज आली, कोणता गवंडी फसवत नाही. टपाल आणि टेलिफोन विस्कळीत असताना आठवड्यातून एका ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी ओळखीची माणसं भेटणार, ही खात्री कुठल्याही मदत केंद्राने दिली नव्हती. मदत केंद्रात माणूस रांगेत उभा असतो. बाजारात तो घासाघीस करतो, माल नाकारतो, पुढच्या वेळी चांगला आण म्हणून दम देतो. हा फरक मला फार मोठा वाटतो.

अळू, कारली आणि विजेचं कनेक्शन

सगळ्यात लवकर सावरलेल्या वस्त्यांमध्ये शहराच्या पूर्व टोकाची व्हिएतनामी वस्ती होती. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर निर्वासित म्हणून आलेली ही माणसं. बहुतेक कॅथलिक, त्यातली कितीतरी कुटुंबं १९५४ मध्ये व्हिएतनामची फाळणी झाली तेव्हा उत्तरेकडून दक्षिणेत पळालेली, म्हणजे घरदार सोडणं त्यांच्या पाचवीला पुजलेलं. लुइझियानाची दमट हवा आणि दलदल त्यांच्या मूळ भागासारखीच निघाली. म्हाताऱ्या माणसांनी कालव्याच्या आणि बांधाच्या कडेच्या पडीक जमिनीवर वाफे काढले. अळू, कारली, नाळीची भाजी, गवती चहा, पुदिना. आपल्या कोकणातली आजी तिथे गेली असती तर तिला परकं वाटलं नसतं. शनिवारी पहाटे, दिवस उजाडायच्या आत, ताडपत्रीवर भाज्या मांडून बाजार भरायचा आणि सकाळची उन्हं चढेपर्यंत उठायचाही.

कॅटरिनानंतर ऑक्टोबरमध्येच मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम चर्चचे फादर व्हिएन परतले आणि रविवारची प्रार्थना सुरू झाली. वीज कंपनीचं म्हणणं होतं की गिऱ्हाईक असल्याचा पुरावा असेल तर तारा जोडू. फादरनी परतलेल्या आणि परतू इच्छिणाऱ्या शेकडो कुटुंबांची यादीच पुढ्यात ठेवली. आजूबाजूच्या वस्त्यांआधी इथे दिवे लागले. दोन वर्षांत बहुतांश कुटुंबं परतली होती.

याचं श्रेय नुसत्या भाजीच्या वाफ्यांना देणं भाबडेपणाचं होईल. चर्च होतं, बोलीभाषा होती, एकमेकांची घरं दुरुस्त करायला हात होते. पण वाफे आणि पहाटेचा बाजार यांनी एक काम केलं जे इतर कशाने झालं नसतं: म्हाताऱ्यांना परतायला कारण दिलं. पुनर्वसनाच्या चर्चेत सत्तरीच्या माणसाचा विचार औषधं आणि निवारा याच्या पुढे जात नाही. त्याला स्वतःच्या हाताने वाफा खणायचा असतो आणि शनिवारी चार पैसे गाठीला बांधायचे असतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आजोबा परतले की मागून घरही परततं.

पुढे दोन गोष्टी घडल्या, दोन्ही बोलक्या. या वस्तीसाठी २८ एकरांवर एका भल्यामोठ्या नागरी शेताचा आराखडा तयार झाला. वाफे, कालवे, बाजाराची शेड, सगळं रेखलेलं. २००८ मध्ये त्याला अमेरिकेच्या भूदृश्य वास्तुरचनाकारांच्या संस्थेचं मोठं पारितोषिकही मिळालं. ते शेत झालंच नाही. जागा पाणथळ ठरली आणि परवानग्यांत गाडं रुतलं. मग २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट झाला, समुद्रात तेल पसरलं आणि मासेमारीवर बंदी आली. वस्तीतले कितीतरी संसार कोळंबीवर चालायचे. हाताला काम नसलेल्या या लोकांनी व्हेजी नावाची शेतकरी सहकारी संस्था काढली. छोटे वाफे, जाळीच्या शेड, शहरातल्या हॉटेलांना पालेभाजी आणि ताजं टोफू पुरवायचं काम. पारितोषिक वगैरे काही नाही. पण ती उभी राहिली, कारण तिच्याकडे पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक होतं आणि सभासदांच्या हातात कसब होतं.

नकाशावरचे हिरवे ठिपके

बागांची गोष्ट इतकी सरळ नाही. जानेवारी २००६ मध्ये महापौरांनी नेमलेल्या आयोगाचा आराखडा आला. त्यावरून स्थानिक वर्तमानपत्राने एक नकाशा छापला, ज्यात सखल भागांवर हिरवे गोल होते: इथे पुढेमागे उद्यानं, मोकळी जागा. त्या गोलांखाली लोकांची घरं होती. पाण्याचा निचरा व्हायला मोकळी जागा लागते, हे तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं. पण घर गमावलेल्या माणसाने सकाळी पेपर उघडावा आणि आपल्या गल्लीवर हिरवा ठिपका बघावा, त्याचा अर्थ त्याला एकच लागतो. प्रचंड ओरड झाली. ब्रॉडमूरसारख्या वस्त्यांनी संघटना बांधून घरं उभी करून दाखवली आणि तो नकाशा बारगळला.

म्हणूनच नंतर बाहेरून आलेले उत्साही तरुण रिकाम्या प्लॉटवर बाग करू म्हणाले तेव्हा काही ठिकाणी स्थानिक कृष्णवर्णीय रहिवाशांनी हात आखडता घेतला. त्यांना वांगी-टोमॅटोचं वावडं नव्हतं. ज्या प्लॉटवर शेजाऱ्याचं घर होतं तिथे आज टोमॅटो लावला म्हणजे शेजारी आता येणार नाही असं आपणच मान्य केलं, ही ती बोच होती. लोअर नाइन्थ वॉर्ड या सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेल्या भागात टिकलेल्या बागा बहुतेक तिथल्याच माणसांनी, जुन्या शेजाऱ्यांना धरून केलेल्या आहेत.

शिवाय मातीचा प्रश्न. जुन्या शहरांच्या मातीत शिसं असतं. पूर्वीच्या पेट्रोलमधलं आणि जुन्या घरांच्या रंगातलं. न्यू ऑर्लिन्सच्या मातीतल्या शिशावर हॉवर्ड मिल्के या शास्त्रज्ञाने दशकानुदशकं काम केलं. सरळ जमिनीत पालेभाजी लावायची नाही, फळ्यांचे उंच वाफे करून बाहेरची स्वच्छ माती भरायची, हा तिथला रिवाज त्यामुळे पडला. म्हणजे खर्च वाढला. एक वाफा भरायला ट्रकने माती आणायची आणि त्यातून चार महिन्यांनी निघणार काय, तर काही जुड्या. शहरी बाग शहराचं पोट भरते असं कुणी सांगितलं तर त्याला वाफ्याची लांबी-रुंदी विचारावी.

हॉलीग्रोव्ह भागात २००८ मध्ये जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर बाजार आणि शेत सुरू झालं. आसपासच्या शेतकऱ्यांचा माल, आठवड्याची भाजीची पेटी, नव्या लोकांना शेतीचं शिक्षण. दहा वर्षं चालून २०१८ मध्ये ते बंद झालं. मधल्या काळात मोठी दुकानं परत आली होती, सेंद्रिय माल तिथेही मिळू लागला होता. याला अपयश म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही. ज्या वर्षांत पर्याय नव्हता त्या वर्षांत त्याने भागवलं.

राजमा-भाताचा सोमवार

न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी राजमा-भात खायची जुनी पद्धत आहे. सोमवार धुण्याचा दिवस, त्यामुळे मंद आचेवर राजमा शिजत ठेवायचा आणि कपडे धुवायचे. अशा शहरात खानावळ उघडणं ही नुसती धंद्याची बातमी नसते. विली मेज स्कॉच हाउस या तळलेल्या चिकनसाठी प्रसिद्ध असलेल्या छोट्या जागेला २००५ च्या मे महिन्यात देशपातळीवरचा मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला आणि ऑगस्टमध्ये ती बुडाली. मालकीणबाई विली मे सीटन तेव्हा नव्वदीला टेकलेल्या. देशभरातले आचारी आणि खाद्यप्रेमी हातोडे घेऊन आले, त्यांनी ती जागा बांधून दिली, २००७ मध्ये चूल पेटली. जवळच लिआ चेज यांचं डूकी चेज. नागरी हक्कांच्या लढ्यात गोरे आणि काळे कार्यकर्ते कायदा मोडून जिथे एकत्र जेवले ती खानावळ. लिआबाई रस्त्यापलीकडे सरकारी ट्रेलरमध्ये राहून दुरुस्ती करून घेत होत्या. तीही २००७ मध्ये उघडली.

पाण्यात आणखी एक वस्तू गेली होती, जिचा पंचनामा होत नाही: आईच्या हस्ताक्षरातल्या पाककृतींच्या वह्या, वर्तमानपत्रांची कापून ठेवलेली कात्रणं. तिथल्या मुख्य वर्तमानपत्राने वाचकांना आवाहन केलं, की हरवलेली कृती सांगा, कुणाकडे असेल तर पाठवा. भेंडी घातलेला गम्बो नावाचा तिथला रस्सा, कुणाच्या मावशीचा विशिष्ट केक. पत्रांचा ओघ सुरू झाला आणि २००८ मध्ये त्याचं पुस्तकही निघालं. ज्यांची भांडी वाहून गेली होती ते लोक आधी कृती मागत होते.

मोठ्या दुकानांकडे शेवटी सरकारलाही वळावं लागलं. २०११ मध्ये महापालिकेने आपत्ती निवारणाच्या केंद्रीय निधीतले ७० लाख डॉलर काढले, एका वित्तसंस्थेने तेवढेच घातले आणि १ कोटी ४० लाखांची कर्जयोजना झाली: ज्या वस्तीत ताजी भाजी-फळं मिळत नाहीत तिथे दुकान काढा, स्वस्त कर्ज घ्या. यातून उभं राहिलेलं सगळ्यात गाजलेलं दुकान म्हणजे सर्कल फूड स्टोअर. १९३८ पासूनचं, कृष्णवर्णीय वस्तीतलं, किराण्यापासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं एका छपराखाली देणारं. कमानी अर्ध्या पाण्यात बुडालेलं त्याचं छायाचित्र जगभर गेलं होतं. ते जानेवारी २०१४ मध्ये उघडलं. साडेआठ वर्षांनी. तोवर त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जण परतले नव्हते आणि जे होते ते दुसरीकडे जायला सरावले होते. ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहराचे पंप नीट चालले नाहीत, दुकानात पुन्हा पाणी शिरलं आणि पुढच्या वर्षी ते बंद पडलं. कर्ज मिळालं, पण उशिरा. आणि ज्या पाण्यामुळे दुकान बुडालं त्या पाण्याचा बंदोबस्त दुकानदाराच्या हातात नव्हताच.

त्याच २०१४ मध्ये लोअर नाइन्थ वॉर्डात बर्नेल कॉटलन या लष्करातून आलेल्या स्थानिक माणसाने स्वतःच्या पुंजीतून छोटं किराणा दुकान उघडलं. तोवर तिथल्या लोकांना वाणसामानाला बसा बदलत शेजारच्या परगण्यात जावं लागायचं. २०२० मध्ये कोरोनाने हॉटेलं आणि पर्यटन बंद केल्यावर लोकांचे पगार थांबले, तेव्हा कॉटलनने वहीत नावं लिहून उधारीवर माल दिला. आपल्याकडच्या कुठल्याही वाण्याला यात नवल वाटणार नाही. पण संगणकाच्या बिलावर चालणाऱ्या साखळी दुकानाला ही सोय नसते, आणि संकटात नेमकी तीच लागते. चिपळूणची बाजारपेठ २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्यात गेली, तेव्हा असंच गोदामातल्या मालाबरोबर उधारीच्या वह्यांचंही काय झालं, हा प्रश्न नुकसानभरपाईच्या कुठल्या रकान्यात बसतो?

न्यू ऑर्लिन्सकडे २९ ऑगस्ट २०२१ ला, कॅटरिनाच्याच तारखेला, आयडा वादळ आलं. यावेळी बांध टिकले, पण शहरात येणाऱ्या आठही मुख्य वीजवाहिन्या पडल्या आणि सगळं शहर अंधारात गेलं. कित्येक भागांत आठवडाभर वीज नव्हती. त्यानंतर रेड बीन्स नावाच्या, म्हणजे राजम्याच्याच नावाच्या, कार्निव्हल मंडळींशी जोडलेल्या एका संस्थेने वस्तीतल्या खानावळींच्या छपरांवर सौर पॅनेल आणि आत बॅटऱ्या बसवायला सुरुवात केली. पहिली निवडली ती क्वीन ट्रिनी लिसा नावाची छोटी त्रिनिदादी खानावळ. पुढच्या वादळात गावची वीज गेली तरी इथे बर्फ मिळेल, फोन चार्ज होतील आणि आत शिल्लक असलेलं मांस-मासळी नासायच्या आत शिजवून शेजाऱ्यांना वाढता येईल. एरवी ती बॅटरी खानावळीचं विजेचं बिल कमी करते, म्हणून ती सांभाळायला मालकाला कुणी सांगावं लागत नाही.